डाव्या पेटीतली धडधड

रविवारी सकाळी त्या इमारतीचा जिना चढायचा म्हणजे अंगात रग हवी. पायरीला दोन माणसं, कठड्याला टेकलेली तिसरी, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर असा भाव, की आपला नंबर हुकला तर आता जगबुडीच. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांच्या घरात एका मेलेल्या माणसाचं हृदय धडधडत होतं, आणि ते बघायला अर्धी वस्ती लोटली होती.

"मी स्वतः हात लावून बघितलंय हो," टपाल कचेरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ खालच्या पायरीवरच्या बाईला सांगत होते. "अगदी नाडी! आणि वरचा तो डबा आहे ना, त्याला हात लावा. गरम! जिवंत माणसाच्या अंगासारखा गरम!"

"अगंबाई!" बाईंनी डोळे मिटले.

चार महिने एकदाही बंद न केलेला अ‍ॅम्प्लिफायर गरम लागणार नाही तर काय बर्फासारखा लागेल? हे मनात म्हणत, खांद्यावरची पिशवी सांभाळत एक माणूस गर्दीतून वर चढत होता. चौकाच्या कोपऱ्यावर त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि सगळे त्याला मेकॅनिक म्हणूनच ओळखत. ज्याचं हृदय वर धडधडत होतं तो त्याचा सख्खा थोरला भाऊ, त्याचा दादा. म्हणून लोक आदराने अंग चोरून त्याला वाट देत होते, आणि त्या आदरानेच त्याच्या डोक्यात तिडीक जात होती.

बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीच्या दोन्ही बाजूंना दादाच्या त्या दोन लाकडी स्पीकरपेट्या, कमरेएवढ्या उंच. मध्ये टेबलावर अ‍ॅम्प्लिफायर. डाव्या पेटीची जाळी काढून ठेवली होती आणि आतला काळा कागदी पडदा सगळ्यांना दिसत होता. तो पुढे यायचा, मागे जायचा. धप्प. धप्प. धप्प. ना तबकडी फिरत होती, ना रेडिओ लागला होता, तरी धप्प.

पेटीशेजारच्या आरामखुर्चीत स्पंदनस्वामी बसले होते. गोल चेहरा, तुळतुळीत दाढी, आवाज तुपात बुडवून काढलेला.

"विज्ञान काय म्हणतं?" स्वामी विचारत होते. विज्ञानाचं नाव घेतल्याशिवाय या लोकांचं हल्ली पान हलत नाही. "विज्ञान म्हणतं, ऊर्जा नष्ट होत नाही. मग प्रेमाची ऊर्जा कुठे जाईल? जिथे जीव गुंतला होता तिथेच! या माणसाचा जीव कशात होता?"

"गाण्यात!" गर्दी म्हणाली.

"डावी पेटी बोलते, उजवी मौन आहे. का? हृदय कोणत्या बाजूला असतं?"

"डाव्या!" पहिल्या बाकावरच्या हुशार मुलांसारखी सगळी एका सुरात ओरडली.

"मृत्यू म्हणजे काय? नुसतं स्टेशन बदलणं! आता बघा, मी त्याला हाक मारतो." स्वामींनी हात वर केला. त्यांचा सेवेकरी, एक किडकिडीत माणूस, लगबगीने पुढे झाला आणि मऊ फडक्याने अ‍ॅम्प्लिफायरवरची धूळ पुसायला लागला. धप्प, धप्प, धप्प, आवाज एकदम वाढला. खिडकीची काच थरथरली. एक बाई हुंदके देऊन रडायला लागली. मेकॅनिकचे डोळे मात्र फडक्यावर होते. फडक्याआडून आवाजाचं बटण पाव फेरा वळलं होतं.

आता हे सगळं झालं कसं, ते सांगायला हवं.

दादा एका गोदामात हिशेब तपासनीस होता. नोकरीत मन नसलेला, संध्याकाळी घरी येऊन तबकडी लावली की माणसात येणारा. आठ महिन्यांपूर्वी कामावरच छातीत कळ येऊन गेला. पंधरवड्याने वहिनींनी मेकॅनिकला बोलावलं. म्हणाल्या, "भावोजी, यांची गाणी लावावीशी वाटतायत. पण सेट बंद आहे. शेवटच्या दिवशी हेच काहीतरी खटपट करत होते."

त्याने मागची बाजू उघडली. फ्यूज उडाला होता. फ्यूज उडतो तो आतलं काहीतरी बिघडलंय म्हणून, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. वीस वर्षं तेच तर तो गिऱ्हाइकांना सांगत आला होता. पण दादाच्या हातचे ते बांधलेले वायरचे जुडगे, त्याच्या अक्षरातली 'डावा', 'उजवा' अशी चिकटवलेली चिठ्ठी, ते बघून त्याचा हात पुढे जाईना. खिशात त्या मापाचा फ्यूज नव्हता. त्याने तांब्याच्या तारेचे दोन पेड फ्यूजच्या जागी गुंडाळले, झाकण लावलं, आणि गाणं सुरू झाल्यावर जिन्यात जाऊन रडला. पुढच्या आठवड्यात नीट करू, असं त्याने ठरवलं. आपल्या माणसाच्या घरचं काम नेहमी पुढच्या आठवड्यावर जातं.

तीनेक महिन्यांनी उजवी पेटी गप्प झाली. मग एका दुपारी डावी धपधपायला लागली. वहिनी एकट्या होत्या. त्यांनी पेटीला कान लावला आणि तिथेच बसून राहिल्या. समोरच्या शेजारणीने ऐकलं आणि ती दुसऱ्या दिवशी स्वामींना घेऊन आली.

इथवर असतं तर मेकॅनिकने कानाडोळा केला असता. एका विधवेला पेटीजवळ बसून बरं वाटतंय, वाटू दे. पण घरात टिटवी होती. वहिनींची अकरा वर्षांची एकुलती एक पोर. अखंड बडबड करायची म्हणून दादानेच तिला ते नाव ठेवलं होतं. टिटवीच्या हृदयाला जन्मापासून भोक होतं. दादा असतानाच ऑपरेशनची तारीख घेतली होती. ती तारीख चार महिन्यांपूर्वी आली आणि गेली.

कारण स्वामींनी सांगितलं, "बापाचं हृदय बाहेर राहून पोरीचं हृदय चालवतंय. दोन्ही एकच आहेत. तिच्या छातीला सुरी लावाल तर ही धडधड थांबेल. आणि ही थांबली, तर ती थांबेल." झालं! तेव्हापासून सेट बंद करायचा नाही. वीज गेली तर म्हणून घराच्या विजेला बॅटरीची जोड दिली. पोरगी मात्र दोन जिने चढली की ओठ निळे पडायला लागले.

इस्पितळाने दुसरी तारीख दिली होती. सोमवारची. म्हणजे उद्याची.

शुक्रवारी शाळेतून टिटवी एकटीच मेकॅनिकच्या दुकानात आली. स्टुलावर बसून आधी नुसती धापा टाकत राहिली. मग दप्तरातून वही काढली.

"काका, मी मोजलं. बाबांचं घड्याळ घेऊन. पेटीचे ठोके मिनिटाला चौसष्ट. माझे एकशे अठरा. पाच वेळा मोजलं."

मेकॅनिकने वही बघितली. दोन रकाने आखले होते.

"एकच हृदय असतं तर सारखेच पडले असते ना? आणि तो फडकंवाला बटण फिरवतो. मी आईला सांगितलं तर तिने मला थोबाडीत मारली. आधी कधीच मारलं नव्हतं." तिने वही मिटली. "काका, खरं सांग. बाबा त्यात आहेत का?"

"नाहीत गं."

"मग काय आहे?"

काय आहे, हे त्याला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं. आणि खरं सांगायचं तर कळलंही होतं. पण कारण सांगायचं म्हणजे ती तांब्याची तार दाखवायची, आणि ती दाखवायची त्याला लाज वाटत होती. वीस वर्षं मुरलेल्या कारागिराने फ्यूजऐवजी तार घातली, तीही सख्ख्या भावाच्या सेटमध्ये! त्या लाजेपायी तो चार महिने गप्प बसला होता. आता समोर निळे ओठ घेऊन ही पोर बसली होती आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

शनिवारी तो वहिनींशी एकट्याने बोलून बघायला गेला.

"वहिनी, आतले कंडेन्सर वाळलेत. म्हणून तो आवाज येतो. मी दाखवतो तुम्हाला, दहा मिनिटं सेट बंद करू द्या."

"बंद?" वहिनी दारात आडव्या झाल्या. "तुम्हाला तुमचा कंडेन्सर सख्ख्या भावापेक्षा मोठा झाला का हो भावोजी? आधीच मी नवरा घालवलाय. आता पोरगी घालवू?"

"घालवताय ती अशानेच! उद्या-परवा करता करता तिचा श्वास..."

"निघा तुम्ही."

म्हणून तो आज, भरल्या घरात, पिशवी घेऊन आला होता. चारचौघांत वहिनी त्याला हाकलून देणार नाहीत, एवढाच त्याचा हिशेब होता.

"स्वामी," त्याने हात जोडले, "मृताचा भाऊ आहे मी. एक शंका विचारू?"

"विचार, बाळ." स्वामी त्याच्याहून फार तर दोन वर्षांनी मोठे असतील.

"दादाचं हृदय या पेटीत आहे ना?"

"पेटीत आहे, पेटीच्या कणाकणात आहे!"

मेकॅनिकने पिशवीतून एक वीतभर रुंदीचा उघडा स्पीकर काढला. भंगारात गेलेल्या टीव्हीचा, कडेने गंजलेला. सेट बंद करायची सोय नव्हती, तेव्हा दोन वायरींची टोकं एकमेकांना लागणार नाहीत अशी जपून त्याने डाव्या पेटीची जोडणी सोडवली. पेटी गप्प झाली. वहिनींच्या तोंडून किंकाळी फुटली. पण दुसऱ्याच क्षणी वायरी त्याने टीव्हीच्या स्पीकरला लावल्या आणि तो त्याच्या तळहातावर उड्या मारायला लागला. धप्प. धप्प. धप्प.

"हा स्पीकर काल भंगारवाल्याकडून आणलाय," तो म्हणाला. "दादा यात कधी शिरला?"

खोलीत कुजबुज झाली. स्वामी हसले. "बाळ, चैतन्य सर्वव्यापी आहे. भांडं बदललं म्हणून पाणी बदलतं का?"

"वा वा!" टपालवाले गृहस्थ म्हणाले.

"बरं. मग पेटीतून तरी ते गेलं ना? आता बघा." मेकॅनिकने बरोबर आणलेला बॅटरीवरचा रेडिओ दादाच्या डाव्या पेटीला जोडला. त्याच काळ्या पडद्यातून, जिथे चार महिने लोकांनी हात टेकवले होते, खणखणीत आवाजात बाजारभाव सुरू झाले. कांदा, बटाटा, कोबी. मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि शेजारच्याने त्याला कोपर मारलं.

"पेटी धडधाकट आहे. तिला जे पाठवाल ते ती बोलते. बिघाड तिच्यात नाही, तिला जो पाठवतोय त्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आहे. आणि ही तुमची मौनात गेलेली उजवी." त्याने रेडिओ सोडवला आणि खिशातला साधा टॉर्चचा सेल काढून डाव्या पेटीच्या दोन टोकांना टेकवला. खट् असा आवाज होऊन पडदा हलला. मग तोच सेल उजव्या पेटीच्या टोकांना लावला. काही नाही. पुन्हा लावला. काही नाही. "आतली तारेची गुंडाळी जळून तुटलीय. ही मौनात नाही, मेलीय. हृदय डाव्या बाजूला म्हणून नव्हे, उजवा स्पीकर जळला म्हणून डावा एकटा वाजतोय."

"तू परीक्षा बघतोयस!" स्वामींच्या आवाजातलं तूप जरा पातळ झालं. "परीक्षा बघणाऱ्या घरावर काय ओढवतं ते मी सांगत नाही. पोरीच्या आईला विचार, तिला मुलगी हवी आहे की नको."

हे वाक्य बरोबर बसलं. वहिनी उठल्या आणि सेटच्या बटणांपुढे हात पसरून उभ्या राहिल्या. "भावोजी, पुरे. तुमच्या पाया पडते. बंद करू नका."

आणि मेकॅनिक थबकला. सगळं शास्त्र माहीत असूनही त्याचा हात पुढे जाईना. समोर एक आई गयावया करत होती, आणि क्षणभर, अगदी क्षणभर, त्याच्याही मनात आलं, की खरोखरच काही झालं तर?

टिटवी आतल्या खोलीच्या दारात उभी होती. ती गर्दीच्या पायांतून वाट काढत आली, टेबलाखाली वाकली आणि तिने सेटची पिनच भिंतीतून उपटून काढली.

सेट लगेच थांबला नाही. आत साठलेली वीज संपायला वेळ लागतो. धप्प. मग जरा उशिराने, धप्प. मग अगदी हलकं, कुणी दूरवर दार लोटावं तसं. मग काही नाही. सगळे त्या पोरीकडे बघत होते, ती आता कोसळणार म्हणून.

टिटवी पिन हातात धरून उभी राहिली. दुसरा हात छातीवर. "एक, दोन, तीन, चार," ती मोठ्याने मोजायला लागली. वीस झाले. तीस झाले. तिला दम लागला, तरी ती मोजत राहिली. "आई, माझं चालू आहे. ते बंद पडलं, माझं चालूच आहे."

वहिनी जमिनीवर बसल्या. त्यांना पोरगी वाचल्याचा आनंद झाला नाही, असं मी म्हणणार नाही. पण चेहऱ्यावर तेव्हा तरी फक्त दुसऱ्यांदा विधवा झालेली बाई दिसत होती.

मेकॅनिकने सेटचं झाकण काढलं. डब्यांसारखे दोन कंडेन्सर वरून फुगलेले, एकातून तपकिरी चीक गळून वाळलेला. "वीज एकसारखी ठेवायचं काम यांचं. हे वाळले की वीज डचमळते, अ‍ॅम्प्लिफायर स्वतःचाच आवाज स्वतःला परत पाठवतो आणि अशी धपधप सुरू होते. कारागिराला विचारा, कुणीही सांगेल." मग त्याने मागची तांब्याची तार बोटाने दाखवली. "आणि ही मी घातली. इथे फ्यूज असता तर सेट तेव्हाच बंद पडला असता आणि कुणाला काही ऐकू आलं नसतं. हा तुमचा चमत्कार माझ्या आळसाने झालाय. मला ते माहीत होतं, आणि लाजेपायी मी गप्प बसलो."

त्याने सगळ्यांसमोर दोन नवे कंडेन्सर कथिलाचा डाग देऊन बसवले, तारेच्या जागी फ्यूज लावला, डावी पेटी जोडली आणि सेट सुरू केला. पडदा स्थिर. आवाजाचं बटण शेवटपर्यंत वळवलं तरी नुसती बारीक सळसळ. मग तो सेवेकऱ्याकडे वळला. "तू पूर्वी सभांना कर्णे भाड्याने द्यायचास ना? तुला हे पहिल्या दिवशी कळलं असणार. मार आता फडकं, बघू वाढते का धडधड."

सेवेकऱ्याने फडकं खिशात घातलं.

तुम्हाला वाटेल, आता लोकांनी स्वामींना धारेवर धरलं असेल. कुठलं काय! "अपवित्र हात लागला, चैतन्य निघून गेलं," असं म्हणून स्वामी उठले आणि निम्मी गर्दी त्यांच्यामागे जिना उतरली. उरलेल्या निम्म्यांनी मेकॅनिकवर तोंडसुख घेतलं.

"काय मिळवलंत?" टपालवाले गृहस्थ म्हणाले. त्यांचे डोळे खरोखरच भरले होते. "माझी बायको गेल्यापासून मी रोज इथे येऊन हात ठेवत होतो. चांगलं चाललं होतं सगळ्यांचं."

"या पोरीचं चांगलं चाललं होतं?" मेकॅनिकने विचारलं. गृहस्थांनी टिटवीकडे बघितलं नाही. आल्यापासून एकानेही नीट बघितलं नव्हतं.

सोमवारी तिघं इस्पितळात गेली. हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, कागद दोनदा बघितले आणि चष्मा काढला.

"चार महिन्यांपूर्वी आणली असती तर सोपं होतं. आता फुफ्फुसांतला दाब वाढलाय. ऑपरेशन करता येईल, पण धोका जास्त आहे. आणि फुफ्फुसं पूर्ववत होतील असं मी सांगू शकत नाही. आणखी उशीर केला असता तर मी हातच लावला नसता. कुठे होतात तुम्ही?"

मेकॅनिकने चार वाक्यांत सांगितलं. डॉक्टरीणबाई रागावतील असं त्याला वाटलं. त्या उठल्या, गळ्यातली नळी काढून वहिनींच्या कानांत घातली आणि दुसरं टोक टिटवीच्या छातीवर टेकवलं.

वहिनी ऐकत राहिल्या.

"किती जोरात पळतंय," त्या म्हणाल्या. "आणि मध्येच... फुस्स होतंय."

"तेच ते भोक. तिथून रक्त चुकीच्या वाटेने जातंय. जन्मापासून ते हेच सांगतंय."

वहिनींनी नळी कानांतून काढली नाही. "चार महिने," त्या म्हणाल्या, "मी त्या लाकडाला कान लावून बसले. ही बाजूला झोपायची. हिच्या छातीला एकदाही कान लावला नाही."

ऑपरेशन झालं. ठरल्यापेक्षा दुप्पट वेळ लागला. भोक बुजलं, पोरगी वाचली. पण आजही तिला दुसऱ्या मजल्यावर थांबून दम घ्यावा लागतो, आणि तो बहुधा जन्मभर घ्यावा लागेल. शाळेत धावायच्या शर्यतीत तिचं नाव नसतं. वहिनी मेकॅनिकशी बोलतात, पण जेवढ्यास तेवढं. स्पंदनस्वामींचं काहीही बिघडलेलं नाही. हल्ली ते नदीपलीकडच्या वस्तीत असतात. तिथे कुणाच्या तरी आजीचा फ्रिज कण्हतो म्हणे.

तेव्हा एवढंच सांगणं आहे. आपलं माणूस गेलं की रडा, हवं तितकं रडा, त्यात कमीपणा नाही. पण कुणी तुम्हाला मेलेल्याची धडधड ऐकवायला आला, तर त्याला आधी झाकण उघडायला सांगा. उघडू देत नसेल तर त्याला दाराबाहेर काढा, मग तो कितीही गोड बोलो. बिघाड माहीत असून गप्प बसणाऱ्या शहाण्यांनाही जाब विचारा, कारण त्यांच्या गप्प बसण्यावरच हे स्वामी पोसले जातात. आणि त्याच दिवशी, घरात जे कुणी जिवंत असेल त्याच्या छातीला कान लावा.